माझं, तुझं, मपलं : निलंग्याच्या बाजूने थोडा इतिहास

एक माणूस डोळ्यांसमोर आणा. १९४० साली निलंग्यात जन्मलेला आणि आयुष्यात कधीच गाव न सोडलेला. तो जन्मला तेव्हा त्याचा जिल्हा बिदर होता आणि राज्य निजामाचं हैदराबाद. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाची सत्ता गेली, पण जिल्हा बिदरच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि त्याचा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला राज्याचं नाव महाराष्ट्र झालं. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि निलंगा त्यात आला. (मधला उस्मानाबादही आता धाराशिव झाला आहे, पण तो आपल्या माणसाचा प्रॉब्लेम नाही!) म्हणजे पठ्ठ्याने एका जागी बसून तीन जिल्हे आणि तीन राज्यं बघितली.

"तुमचा जिल्हा कोणता?" या प्रश्नाला त्याने आयुष्यात तीन वेगवेगळी खरी उत्तरं दिली. उत्तरं बदलली, पण प्रश्नातला 'तुमचा' आणि उत्तरातला 'माझा' काही बदलला नाही.

आजचा लेख या दोन शब्दांवर आणि त्यांच्या भावंडांवर आहे. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांचं नाव 'स्वामित्वदर्शक सर्वनामं' असं भारदस्त आहे. घाबरू नका, विभक्तीचा तक्ता पाठ करायला लावणार नाही. या शब्दांना जो इतिहास आहे तो तक्त्यात मावत नाही, एवढंच सांगायचं आहे.

याची सुरुवात खरं तर स्कॉटलंडमुळे झाली. मध्यंतरी स्कॉट्स भाषेबद्दल वाचत होतो. स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागातली, इंग्रजीची सख्खी बहीण म्हणावी अशी भाषा. इंग्रजीत 'माझं' म्हणायला 'माइन' म्हणतात, तिथे सर्रास 'माइन्झ' म्हणतात. लॉजिक सोपं आहे. युअर्स, हर्स, अवर्स या सगळ्यांच्या शेवटी स आहे, मग एकट्या माइननेच काय घोडं मारलंय? लावा त्यालाही स! भाषेच्या दृष्टीने हे अगदी नियमाला धरून आहे. पण तिथल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या अशा शब्दांना बिघडलेलं इंग्रजी म्हणून लाल शाई लागली.

हे वाचताना मला एकदम 'मपलं' आठवलं.

मराठवाड्यात फिरलात तर 'माझं' एकाच रूपात भेटत नाही. आमच्या निलंगा-लातूरकडे 'माजं, तुजं' ऐकू येतं, झ मधला हकार गळालेला. परभणी-हिंगोलीकडे, आणि पुढे विदर्भात, 'माहं, तुहं'. कुठे 'मव्हं'. आणि बीड-नगरच्या बाजूला 'मपलं, तुपलं'. पुण्यात यातलं कुठलंही रूप तोंडातून निघालं की समोरचा हसतो, किंवा हसू दाबतो (ते जास्त लागतं). सगळ्यांचा समज एकच असतो की मूळ शुद्ध शब्द 'माझं' आणि बाकी सगळी त्याची मोडतोड. हा समज इतिहासावर घासून बघू.

आधी 'माझं' कुठून आलं ते पाहू. संस्कृतमध्ये माझं म्हणजे 'मम'. आता 'मम' कितीही झिजवलं तरी त्यातून झ निघणार नाही. झ आला तो 'मह्यम्'मधून. 'मह्यम्'चा अर्थ 'माझं' नाही, 'मला' असा आहे. संस्कृतातल्या ह्य चा प्राकृतात ज्झ झाला. गुह्य, मग गुज्झ, मग आपलं गूज. त्याच वाटेने मह्यम्, मग मज्झ, मग माझा. 'तुभ्यम्'चं खरं तर असं व्हायला नको होतं, पण मज्झच्या देखादेखी तुज्झ झालं आणि त्यातून तुझा. प्राकृतात चतुर्थी विभक्ती जवळजवळ गळूनच पडली, 'मला' आणि 'माझं' यांच्यातली भिंत पडली, आणि एकाच शब्दाने दोन्ही कामं करायला सुरुवात केली. कवितेत अजूनही भेटणारे 'मज' आणि 'तुज' हे त्याच घरातले.

म्हणजे 'माझं' या शब्दाच्या मुळाशी मालकी नाही. मुळाशी 'मला' आहे. कोणीतरी मला दिलेलं, माझ्या वाट्याला आलेलं. मराठीत आजही इंग्रजीसारखं 'हॅव' हे क्रियापद नाही याच्याशी हे छान जुळतं. आपण "मला दोन बहिणी आहेत" म्हणतो, "माझ्याकडे गाडी आहे" म्हणतो आणि "माझं गावाकडे घर आहे" म्हणतो. "माझ्याकडे दोन बहिणी आहेत" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्या चार दिवस राहायला आल्यात. नाती, वस्तू आणि घरदार यांच्या 'असण्या'त मराठी फरक करते. इंग्रजी तिन्ही एकाच पोत्यात भरते.

आता 'माहं'कडे वळू. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. मराठवाड्यातच. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला 'गाहा सत्तसई' हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह याच परिसराशी जोडला जातो. त्या प्राकृतात 'माझं' या अर्थी एकच शब्द नाही. 'मज्झ' आहे आणि शेजारीच 'मह'सुद्धा आहे. बाराव्या शतकात गुजरातेत सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाने हेमचंद्राने मोठं व्याकरण लिहिलं. त्याच्या आठव्या अध्यायात त्याने प्राकृताचे नियम दिले आहेत. तोही 'मी'च्या षष्ठीची रूपं मोजताना मम, मह, मज्झ अशी सगळी एका रांगेत बसवतो. कोणाला शुद्ध आणि कोणाला गावठी म्हणत नाही.

तर 'माहं' थेट त्या 'मह'मधून आलं म्हणा, किंवा माझंमधला झ सैल होऊन ह झाला म्हणा, दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच राहते. 'माहं' म्हणणाऱ्याच्या तोंडात जे रूप आहे त्याच्यासारखं रूप दोन हजार वर्षांमागे पैठणच्या भाषेत मानाने नांदत होतं. त्या रूपाला लाल शाई लागली ती पुढे कधीतरी, आणि व्याकरणाच्या बाहेरच्या कारणांनी.

आणि 'मपलं'? हे तर आपलं 'माइन्झ'च आहे! 'आपलं' हा शब्द प्राकृतातल्या 'अप्पुल्ल'वरून आला. अप्प म्हणजे आत्मा, स्वतः. त्याला 'चा' या अर्थाचा उल्ल प्रत्यय लागला, त्याचं जुन्या मराठीत 'आपुला' झालं आणि आज 'आपला'. मग बोलीने त्याच साच्यात म आणि तु ओतले. आपला, मपला, तुपला. स्कॉटलंडच्या माणसाने युअर्स बघून माइन्झ केलं, बीडच्या माणसाने आपलं बघून मपलं केलं. दोघांची गाठभेट कधी झाली नाही, पण डोकं तेच. शिवाय 'मपलं'मध्ये 'माझं स्वतःचं' असा एक ठसका आहे, तो नुसत्या 'माझं'मध्ये नाही.

इथे कोड लिहिणाऱ्या मंडळींच्या लक्षात एक गंमत आली असेल. माझा, तुझा यांत 'चा' नाही. पण आमचा, तुमचा, त्याचा, तिचा यांत आहे. एकाच कामासाठी दोन वेगळी मशिनरी! आपल्या भाषेत सांगायचं तर माझा-तुझा हा लेगसी कोड. रोज इतका वापरला जातो की बदलायची कोणाची हिंमत झाली नाही. बाकी सगळं नव्या लायब्ररीवर गेलं.

ती नवी लायब्ररी म्हणजे 'चा'. तीही फार नवी नाही. हेमचंद्राने नोंदवलं आहे की आम्ही-तुम्ही यांना 'एच्चय' असा प्रत्यय लागतो, आणि उदाहरणं दिली आहेत तुम्हेच्चय, अम्हेच्चय. जरा मोठ्याने म्हणून बघा. अम्हेच्चय... आमचा. नऊशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणात आपला 'आमचा' पाळण्यात झोपलेला दिसतो.

या 'च्च'च्या मागे सर्वसाधारणपणे संस्कृतचा '-त्य' प्रत्यय मानला जातो. तो आपल्याला ओळखीचा आहे. दाक्षिणात्य म्हणजे दक्षिणेचा. पाश्चात्त्य म्हणजे पश्चिमेचा. तत्रत्य म्हणजे तिथला. आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे अमात्य. 'अमा' म्हणजे घरी, जवळ. अमात्य म्हणजे घरचा, जवळचा माणूस. राजाचा मंत्री हा आधी घरचा माणूस होता, पद नंतर आलं.

यातून एक गोष्ट उलगडते. '-त्य' हा मालक दाखवणारा प्रत्यय नव्हता. तो ठिकाण दाखवणारा होता. 'चा'च्या पोटातला जुना अर्थ 'अमुक जागेचा' असा आहे. 'निलंग्याचा माणूस' ही त्याची मूळची चाल. 'माणसाचं शेत' ही नंतरची. आधी माणसं जागेची होती, जागा माणसांच्या मागाहून झाल्या.

मालकीची नामं बघितली की हे अजून ठळक होतं. मालक, मालकी, हक्क, कब्जा, वारस, वतन, इनाम, जहागीर... यातला प्रत्येक शब्द अरबी-फारसीतून आला. दफ्तरं आली, जमिनी मोजल्या गेल्या, सनदा निघाल्या, त्यांच्याबरोबर हे शब्द घरात शिरले आणि मराठी झाले. सरकार बदललं की कागदावरचे शब्द बदलले. पण बहमनी आले, बरीदशाही आली, मोगल आले, निजाम आला, एकानेही 'माझं' आणि 'तुझं' यांना हात लावला नाही. भाषेत नामं भाड्याने मिळतात, सर्वनामं सहसा मिळत नाहीत.

आता निलंग्याच्या बाजाराकडे येऊ. निलंगा हा कर्नाटकाच्या सीमेवरचा तालुका, पलीकडे भालकी आणि बसवकल्याण. इथे तीन भाषा कानावर पडतात, मराठी, कन्नड आणि दखनी. तिघींची 'माझं' म्हणायची पद्धत वेगळी. मराठीत माझा मुलगा, माझी मुलगी, माझं घर. म्हणजे शब्द वस्तूच्या लिंगाप्रमाणे कपडे बदलतो. दखनीत मेरा आणि मेरी. कन्नडमध्ये मात्र नन्न मग, नन्न मगळु, नन्न मने. मुलगा असो, मुलगी असो की घर, 'नन्न' ढिम्म हलत नाही.

तृतीय पुरुषात तर अजून मजा आहे. दखनी 'उसका घर' म्हणते. घर पुल्लिंगी हे कळलं, पण ते 'त्या'चं की 'ति'चं हे कळलं नाही. कन्नडमध्ये 'अवन मने' आणि 'अवळ मने'. मालक पुरुष की बाई हे कळलं, पण वस्तूचं लिंग सर्वनामात नाही. मराठी दोन्ही सांगते. त्याचा, त्याची, त्याचं. तिचा, तिची, तिचं. (मालकाचं लिंग दाखवणं आपण कन्नडकडून घेतलं असं मात्र नाही. तस्य आणि तस्याः असा फरक संस्कृतातही होताच.)

ज्यांनी कधी अ‍ॅपचं मराठीकरण केलंय त्यांना हे हाडामांसात माहीत असेल. इंग्रजीत एक स्ट्रिंग लिहिली, 'अमुक यांना तुमचं तमुक आवडलं' या अर्थाची, आणि 'तमुक'च्या जागी व्हेरिएबल ठेवला, की काम झालं. मराठीत 'तुमचा फोटो आवडला', 'तुमची पोस्ट आवडली', 'तुमचं उत्तर आवडलं'. एका ओळीच्या तीन ओळी. कन्नड टीमला निदान सर्वनामाचा हा त्रास नाही. जगातली बरीचशी सॉफ्टवेअरं इंग्रजीचं सर्वनाम हे सगळ्या माणसांचं सर्वनाम आहे असं धरून चालतात, आणि मग आपल्याला स्क्रीनवर 'तुमचे पोस्ट' असलं काहीतरी वाचावं लागतं.

पण या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फरक आमचा आणि आपला यांच्यातला.

'आमचं गाव' म्हटलं की ऐकणारा बाहेर. 'आपलं गाव' म्हटलं की ऐकणारा आत. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, हिंदीत 'हमारा'. पुण्यातली ती सुप्रसिद्ध पाटी घ्या, "आमची कोठेही शाखा नाही". तिथे 'आपली कोठेही शाखा नाही' लिहिलं तर गिऱ्हाईक उद्या नफ्यात वाटा मागायला येईल! एका शब्दाच्या जागी दुसरा आला आणि भिंत पडली.

ही सोय संस्कृतात नव्हती. 'आपण' हा मुळात आत्मन्‌वरून आलेला, म्हणजे 'स्वतः' या अर्थाचा शब्द. "तो आपलं घर विकतोय" मध्ये तो अजून जुनंच काम करतो. पण मराठीने त्यालाच 'तू आणि मी मिळून' या कामाला लावलं. हे सुचलं कुठून? तेलुगूत मनम आणि मेमु असा नेमका हाच फरक आहे, तमिळमध्येही आहे. द्राविड भाषांची ही जुनी रीत. भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये तर असा विचार मांडला की मराठीची घडणच दोन भाषाकुळांच्या लोकांच्या सरमिसळीतून झाली असावी. सगळे अभ्यासक तेवढ्या टोकाला जात नाहीत, पण आपण-आम्ही हा फरक द्राविड शेजारातून आला हे बहुतेक जण मानतात. गंमत अशी की आजच्या प्रमाण कन्नडमध्ये हा फरक उरलेला नाही. तिथे 'नम्म' एकच. शेजाऱ्याच्या घरातली वस्तू आपल्याकडे राहिली आणि शेजाऱ्याकडची हरवली. दखनीनेही 'हम' आणि 'अपन' यांत हाच फरक केला.

म्हणजे ज्या शब्दाने आपण सगळ्यात जास्त जवळीक दाखवतो तो 'आपला' या अर्थाने आपल्याकडे आला तो परक्या शेजाऱ्यामुळे. आणि 'परका' हा शब्दही तसाच आहे बरं का. हेमचंद्राच्या यादीत 'दुसऱ्याचा' या अर्थी 'पारक्क' आहे, म्हणजे तोही मुळात एक स्वामित्वदर्शकच.

आता इतिहासाने निलंग्याला सर्वनामं कशी लावली ते बघू.

हा मुलूख कोणाचा हा प्रश्न इथे जुना आहे. नवव्या शतकातला 'कविराजमार्ग' हा कन्नड ग्रंथ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचं सांगतो. त्या हिशेबात निलंगा कन्नड मुलखात येतो. ज्या राष्ट्रकूटांच्या दरबारात तो लिहिला गेला ते स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे लातूर असं साधारणपणे मानलं जातं. त्याच पट्ट्यातल्या पैठणचं प्राकृत आपण वर पाहिलं. दोन्ही खरं आहे. इथे भाषा एकीनंतर एक आल्या नाहीत, एकीत एक राहिल्या.

इंग्रज आमदानीत जॉर्ज ग्रिअर्सनने भारतभरच्या भाषांची प्रचंड पाहणी केली. काम १८९४ च्या सुमारास सुरू झालं आणि १९२८ ला संपलं. मराठीचा सातवा खंड १९०५ ला आला. त्याची पद्धत मोठी हुशार होती. प्रत्येक बोलीत एकच गोष्ट सांगून घ्यायची, बायबलमधली उधळ्या मुलाची. का? तर तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामं येतात, बऱ्याचशा विभक्ती येतात आणि तिन्ही काळ येतात. शिवाय शब्दांची एक ठरावीक यादी होती, त्यात 'मी'च्या लगेच मागे 'माझं'.

गोष्ट माहीत असेलच. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो, परदेशी जाऊन सगळं उधळतो, उपाशी परत येतो. बाप त्याला जवळ घेतो. थोरला मुलगा चिडतो. आणि चिडून तो बापाला काय म्हणतो बघा, 'हा तुझा मुलगा'. 'माझा भाऊ' म्हणत नाही! बाप उत्तर देताना शांतपणे सर्वनाम दुरुस्त करतो आणि 'हा तुझा भाऊ' म्हणतो. सगळं भांडण सर्वनामांचं आहे. ग्रिअर्सनने व्याकरणासाठी गोष्ट निवडली, पण निवड अशी की माणसाचा स्वभावही हाती लागावा.

निलंग्याची माणसं ही गोष्ट कशी सांगत होती? ते त्या खंडात नाही. कारण मद्रास इलाखा, हैदराबाद संस्थान आणि म्हैसूर संस्थान या पाहणीच्या बाहेर ठेवले होते. भाषेची एवढी मोठी मोजणी झाली आणि जिथे तीन भाषा एका बाजारात बसतात तोच मुलूख बाहेर राहिला. इकडे हैदराबादेत सरकारी भाषा उर्दू होती, १९१८ ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. 'माजं' आणि 'माहं' यांची नोंद घ्यायला ना इंग्रज आला, ना निजाम.

पुढची मोजणी केली ती राज्यपुनर्रचनेने. १९५५ मध्ये फजल अली आयोगाने सुचवलं होतं की तेलंगणाच्या जोडीला बिदर जिल्हा उरलेल्या हैदराबाद राज्यात ठेवावा. प्रत्यक्षात १९५६ मध्ये जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मराठी म्हणून मुंबई राज्यात आले. जहीराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरमध्ये, म्हणजे आजच्या कर्नाटकात. भाषा हा निकष होता, आणि भाषा ठरत होती जनगणनेतल्या मातृभाषेच्या एका रकान्यावरून. ज्या घरात आजी कन्नड, आजोबा मराठी आणि बाजारात दखनी, त्या घराने त्या रकान्यात काय लिहायचं? एकच शब्द.

तुकडे व्हायला नको होते असं मी म्हणत नाहीये. मराठी माणसाला मराठीत कारभार मिळाला ही साधी गोष्ट नव्हती. उर्दू दफ्तराबाहेर ताटकळलेल्या पिढीला विचारा. निलंग्याला तर पुढे १९८५-८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांच्या रूपाने राज्याचा मुख्यमंत्रीही मिळाला. पण रेघ मारताना जे सर्वनाम वापरलं गेलं ते 'आमचं' होतं. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी' ही घोषणा घ्या. ती देणाऱ्याचा जीव भालकीच्या मराठी माणसात गुंतलेला असतो, हे मान्य. पण भालकीच्या कन्नड माणसाला त्या घोषणेत जागा नाही. तिकडून येणाऱ्या 'नम्म'मध्ये भालकीच्या मराठी माणसाला जागा उरत नाही, हेही तितकंच खरं. थोरला भाऊ दोन्हीकडे सारखाच बोलतो.

आणि ज्या मराठीच्या नावाने निलंगा इकडे आला, त्या मराठीने निलंग्याच्या 'माजं'ला काय दिलं? शाळेत लाल शाई, आणि मुंबई-पुण्यात हसू. मराठवाड्यातून हिंजवडीला आलेली कितीतरी पोरं तुम्हीही बघितली असतील. आईचा फोन आला की 'माजं', फोन ठेवला की 'माझं'. इतकं सफाईदार की शेजारच्या क्यूबिकलला कळू नये. तशी ही अवघड कसरत आहे, दोन व्याकरणं एका डोक्यात चालवायची. दुसऱ्या कुठल्या दोन भाषांत हे केलं असतं तर आपण रेझ्युमेवर लिहिलं असतं. इथे आपण लपवतो.

प्रमाण मराठी नको असं माझं म्हणणं नाही. हा लेखही मी प्रमाण मराठीतच लिहितोय, नाहीतर रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत कोणाला पोचणार? बारा गावच्या लोकांना एकत्र बसायला एक सतरंजी लागते. पण सतरंजी म्हणजे घर नव्हे. 'माझं' हे रूप प्रमाण झालं ते ते जास्त जुनं किंवा जास्त शुद्ध होतं म्हणून नाही. ते जिथे बोललं जात होतं तिथे छापखाने, शाळाखातं आणि पाठ्यपुस्तकं आधी आली म्हणून. 'मह' आणि 'मज्झ' पैठणला एका पंगतीत जेवत होते. पंगती आपण वेगळ्या केल्या.

हे बदलू शकतं, हे स्कॉटलंडने दाखवलं आहे. २०११ च्या जनगणनेत तिथे पहिल्यांदाच विचारलं गेलं की तुम्हाला स्कॉट्स येते का. १५ लाखांहून जास्त लोकांनी 'बोलता येते' म्हणून सांगितलं. ज्याला बिघडलेलं इंग्रजी म्हणत होते ते आपली भाषा म्हणून कागदावर आलं. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून गेलिकच्या बरोबरीने स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. आपल्याकडेही डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडच्या वर्षांत गावोगाव जाऊन मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. त्यातली ध्वनिमुद्रणं आणि नकाशे नेटवर सगळ्यांना खुले आहेत. एखाद्या रविवारी ऐकून बघा. ग्रिअर्सनच्या वेळी जे राहून गेलं ते शंभरएक वर्षांनी थोडंफार भरून निघतंय.

तुमच्या घरी 'मपलं' किंवा 'माहं' म्हणणारी आजी असेल तर तिला बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. तिला दुरुस्त मात्र करू नका.

आणि ती उधळ्या मुलाची गोष्ट. इंग्रजीतल्या बापाने दोनच शब्द वापरले, तुझा आणि माझा. थोरल्याला तो 'तुझा भाऊ' एवढंच म्हणाला. निलंग्याच्या बापाकडे तिसरा शब्द आहे. तो थोरल्याला म्हणाला असता, "असू दे रे, आपलाच हाय की."